अर्ध्या वाटेवर बदललेली पीएच.डी.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात असलेल्या एखाद्याने ‘मला हा विभाग सोडून दुसऱ्या विद्यापीठात जायचे आहे’ असे म्हटले, की ऐकणारा पहिल्यांदा वर्षांचाच प्रश्न विचारतो. झालेली वर्षे वाया जाणार का, परीक्षा पुन्हा द्याव्या लागणार का, वय किती होणार, हे प्रश्न खोटे नाहीत आणि त्यांची उत्तरे बहुधा मनासारखी नसतात. तरीही स्वतः या वाटेने गेल्यानंतर, आणि पुढे प्रवेश समितीवर बसून अशा विद्यार्थ्यांचे अर्ज वाचल्यानंतर, माझे मत असे झाले आहे की वर्षांचा हिशेब हा या निर्णयातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ज्या गाइडने आपल्यावर वेळ आणि विश्वास खर्च केला, त्या माणसाला आपण हे कधी आणि कसे सांगतो, आणि सांगण्याइतपत सुरक्षित तरी आहोत का, हा खरा अवघड भाग आहे. विभाग बदलण्याचे पुढे काय होते, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

आधी नियमांविषयी लिहिते, कारण त्यांच्याबद्दल गैरसमज फार आहेत. पदवीच्या पातळीवर एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाण्याची काहीएक ठरलेली पद्धत असते; पीएच.डी.ला तशी पद्धत जवळजवळ नाहीच. अमेरिकी विद्यापीठांत असा विद्यार्थी नव्या उमेदवारांच्या रांगेतच उभा राहतो: नवा अर्ज, नवे निवेदन, नवी शिफारसपत्रे आणि सगळ्यांसाठी असलेल्या त्याच मुदती. आधीचे कोर्स ग्राह्य धरायचे की नाही हे नवा विभाग ठरवतो, आणि पात्रता परीक्षा तर बहुतेक ठिकाणी पुन्हा द्यावीच लागते. पहिल्यांदा हे ऐकल्यावर मला तो निव्वळ आडमुठेपणा वाटला होता. पण ती परीक्षा ज्ञानाची असते तितकीच, या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची जबाबदारी आपण घ्यायची का, हे विभागाने स्वतःला विचारण्याचीही असते, आणि ते उत्तर एका विभागाने दुसऱ्याकडून उसने घेऊ नये हे आता मला पटते. जाणाऱ्याच्या हाती अगदीच काही लागत नाही असेही नाही. पुरेसे कोर्स झालेले असतील तर अनेक अमेरिकी विभाग मास्टर्सची पदवी देतात, आणि ब्रिटनमध्ये अनेक विद्यार्थी सुरुवातीला एम.फिल.च्या पातळीवर नोंदलेले असतात व नंतर पीएच.डी.कडे वर्ग होतात, त्यामुळे मधेच थांबणाऱ्याला एम.फिल.चा प्रबंध सादर करण्याची वाट असते. ही पदवी घेण्यात कमीपणा वाटणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तो वाटू नये, कारण झालेल्या कामाची तेवढी तरी नोंद नावावर राहते.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी किमान ३ आणि एरवी कमाल ६ वर्षांचा कालावधी ठरवला आहे, आणि कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असावे असे म्हटले आहे. याच नियमावलीत स्थलांतराविषयी एक कलम आहे, जे फार कमी विद्यार्थ्यांनी वाचलेले असते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीला आपली संशोधन सामग्री नव्या संस्थेत नेण्याची परवानगी त्यात दिलेली आहे. अट एवढीच, की नियमावलीतील बाकीच्या अटी पाळल्या जाव्यात आणि ते काम मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकाला एखाद्या निधी संस्थेकडून मंजूर झालेल्या प्रकल्पाचा भाग नसावे. तोवर झालेल्या कामाचे श्रेय मूळ संस्थेला आणि मार्गदर्शकाला द्यावे, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. लग्नानंतर गाव बदलले म्हणून अर्धवट राहिलेले प्रबंध आपल्या समाजात किती असतील याचा विचार केला, तर या कलमाचे मोल कळते. मात्र ही मुभा विद्यार्थिनींपुरतीच का ठेवावी, हे मला कळलेले नाही. आजारी आईवडिलांसाठी किंवा विषयाच्या गरजेसाठी जागा बदलणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती मिळायला हवी.

त्या कलमातली प्रकल्पाची अट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही, कारण विद्यार्थी किती मोकळेपणाने हलू शकतो हे बऱ्याच अंशी त्याचा पैसा कोणाच्या नावावर आहे यावर ठरते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर संशोधन फेलोशिप ५ वर्षांच्या अवधीत ३ वर्षांचे साहाय्य देते, आणि फाउंडेशनच्या संमतीने विद्यार्थ्याला ती दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. अशी फेलोशिप असणारा विद्यार्थी गाइडशी बोलताना वेगळ्या स्वरात बोलू शकतो. गाइडच्या प्रकल्पातून मानधन घेणाऱ्याला तशी मोकळीक नसते, कारण ते अनुदान विद्यापीठाच्या नावावर असते, उपकरणे आणि विदाही (डेटा) तिथेच राहतात, आणि निघणाऱ्याच्या हाती त्याने शिकलेले तेवढे उरते. नेदरलँड्ससारख्या देशांत पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, त्यामुळे तिथे विभाग सोडणे म्हणजे रीतसर राजीनामाच. अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला यावर व्हिसाची आणखी एक गाठ सोडवावी लागते: जुन्या विद्यापीठाने सरकारी प्रणालीतली त्याची नोंद ठरलेल्या तारखेला मोकळी करावी लागते, नव्या विद्यापीठाने नवा आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) द्यावा लागतो, आणि दोन्हींच्या मध्ये ५ महिन्यांहून अधिक अंतर पडून चालत नाही. मनात निर्णय पक्का होण्याआधीच ही माहिती काढून ठेवणे बरे. ती उशिरा कळली, तर तिचे दडपण निर्णयावर येते.

माझे स्वतःचे कारण वादाचे नव्हते. उपयोजित गणिताच्या विभागात मी संसर्गजन्य रोगांच्या प्रसाराच्या प्रतिमानांवर काम करत होते. १९२७ मध्ये केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मांडलेल्या समीकरणांपासून ही परंपरा चालत आली आहे: लोकसंख्येचे संसर्गक्षम, संसर्गित आणि संसर्गातून बाहेर पडलेले असे गट करायचे, एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा वेग समीकरणात मांडायचा, आणि साथ पसरेल की विझेल याची अट शोधायची. माझे काम त्या समीकरणांच्या नव्या रूपांमध्ये समतोल स्थिती स्थिर केव्हा राहते, हे सिद्ध करण्याचे होते. सिद्धता सुंदर होत्या आणि त्या लिहिताना मला आनंदही होत असे. पण प्रत्येक शोधनिबंधात एक ओळ अशी येई की संपर्काचा दर स्थिर आहे असे मानू, आणि मी त्या ओळीपाशी अडखळू लागले. तो दर कोणी मोजला, कोणाच्या नोंदींवरून मोजला, दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्या रुग्णांचे काय केले, हे प्रश्न माझ्या विभागाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. ते फक्त त्या विभागाचे नव्हते. माझ्या गाइडना प्रमेयात रस होता, आणि तो असणे हेच त्यांचे काम होते. मला मात्र नोंदीच्या कागदात रस वाटू लागला होता.

हा रस खरा की कंटाळ्यातून आलेला, हे ओळखायचे कसे? प्रबंधाच्या मधल्या काळात कंटाळा जवळजवळ प्रत्येकाला येतो, आणि त्या काळात दुसऱ्याचा विषय नेहमीच अधिक उजळ दिसतो. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिक यांनी स्वतःसाठी वापरलेली एक कसोटी मला इथे उपयोगी पडली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते उच्च तापमानाला आणि दाबाखाली पाण्याची श्यानता (व्हिस्कॉसिटी) मोजण्याचे काम करत होते. तो विषय त्यांना स्वतःलाच अत्यंत कंटाळवाणा वाटत असे, आणि युद्धकाळात त्यांचे उपकरण स्फोटात नष्ट झाले. युद्धानंतर पुढे काय करावे हे ठरवताना त्यांच्या लक्षात आले की माणूस ज्या विषयावर आपण होऊन गप्पा मारतो, त्यातच त्याला खरा रस असतो. त्यांच्या गप्पा जीवशास्त्राच्या असत. १९४७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि त्यांना पीएच.डी. मिळाली ती १९५४ मध्ये, म्हणजे डीएनएच्या रचनेचा निबंध प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षी. वेंकटरामन रामकृष्णन यांनी तर १९७६ मध्ये भौतिकशास्त्रातली पीएच.डी. पूर्ण केल्यावर सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव घातले, आणि दुसरी पदवी न घेताच ते पुढे संशोधनाकडे वळले. २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही नावे घेताना मला थोडा संकोच वाटतो, कारण बदल करणाऱ्याला धीर देण्यासाठी ती फार सहज पुढे केली जातात. नोबेल मिळाले म्हणून तो निर्णय बरोबर ठरला असे नाही, आणि ते न मिळणाऱ्या हजारोंचा निर्णय त्यामुळे चूकही ठरत नाही. त्यांच्याकडून मी एवढेच घेतले, की दोघांनीही ‘आतापर्यंत इतके केले, आता पुढेही हेच करू’ या युक्तिवादाला मान तुकवली नाही. अर्थशास्त्रात बुडीत खर्चाबद्दल सांगतात, की जो परत मिळणारच नाही तो पुढच्या निर्णयाच्या हिशेबात धरू नये. पीएच.डी.त हे पैशापेक्षा आयुष्याच्या वर्षांबाबत पाळायचे असते, म्हणून ते अधिक जड जाते. मी माझ्या गप्पा आठवून पाहिल्या. जेवताना, चालताना, प्रवासात मी लोकांना स्थिरतेच्या प्रमेयाबद्दल कधी सांगितलेच नव्हते. मी सांगत असे ते साथीच्या नोंदी कशा ठेवल्या जातात आणि कुठे गळतात याबद्दल. तेवढ्यावर रोगपरिस्थितीविज्ञानाच्या (एपिडेमिऑलॉजीच्या) विभागांकडे अर्ज करायचे असे मी मनाशी ठरवले.

मग सांगण्याची वेळ आली. या बाबतीत विद्यार्थ्यांमध्ये दोन तट असतात. काही जण म्हणतात की नवा प्रवेश हातात पडेपर्यंत गाइडला चाहूलही लागू देऊ नये, कारण अर्ज फसले तर त्याच माणसाबरोबर पुढची वर्षे काढायची असतात. ही भीती निराधार नाही. पण दुसऱ्या बाजूला बसून अर्ज वाचताना मला जे दिसते तेही सांगितले पाहिजे: पीएच.डी.च्या मध्यावर असलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जात त्याच्या सध्याच्या गाइडचे पत्र नसेल, तर समितीतल्या प्रत्येकाची नजर आधी त्या रिकाम्या जागेवर जाते. कारण काय असावे याचे तर्क सुरू होतात आणि त्यांत विद्यार्थ्याला अनुकूल असा तर्क क्वचितच निघतो. शिवाय एकेका विषयाचे विद्वान एकमेकांना ओळखतात. लपवलेली गोष्ट एखाद्या परिषदेत चहाच्या वेळी तिसऱ्याच माणसाकडून गाइडच्या कानावर जाते, आणि तेव्हा दुखावते ते जाणे नव्हे, लपवणे.

मी अर्ज करण्यापूर्वी सांगितले. बोलण्याची तयारी केली होती, तरी पहिले वाक्य अडखळतच आले. माझ्या गाइडनी मधे न बोलता सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: तुला विषय सोडायचा आहे, की माझ्याबरोबर काम करणे? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या स्वच्छपणे विचारलेला नव्हता. विषयाची दिशा बदलायची आहे, तुमच्याकडून जे शिकले ते बरोबर घेऊन जायचे आहे, असे मी म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे होते. त्यांना वाईट वाटले हे त्यांनी लपवले नाही. पण पत्र लिहीन म्हणाले, आणि हातातला अर्धा झालेला निबंध जाण्याआधी पूर्ण करावा एवढी अपेक्षा सांगितली. ती न्याय्य होती. पुढचे काही महिने मी ज्या कामातून मन काढून घेतले होते तेच काम अधिक काळजीने केले, आणि त्या दिवसांत एक विचित्र मोकळेपणा अनुभवला. ते काम आता माझ्या भविष्याचा भार वाहत नव्हते, म्हणून ते मला पुन्हा आवडू लागले होते.

मला हे जमले याचे बरेचसे श्रेय समोरच्या माणसाला आहे, आणि म्हणूनच ‘मोकळेपणाने सांगावे’ हा सल्ला मी सरसकट देत नाही. जिथे गाइडच निघून जाण्याचे कारण असतो, जिथे अपमान, छळ, श्रेयाची चोरी किंवा त्याहून वाईट काही घडलेले असते, तिथे विद्यार्थ्याने आधी त्याच माणसाला विश्वासात घ्यावे असे सांगणे क्रूरपणाचे आहे. अशा वेळी विभागातले पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे प्रमुख, संशोधन सल्लागार समितीतले दुसरे प्राध्यापक किंवा विद्यापीठाची तक्रार निवारण यंत्रणा यांच्याकडे जावे, आणि शिफारसपत्रही काम जवळून पाहिलेल्या दुसऱ्या कोणाकडून घ्यावे. त्या पत्रात ‘या विद्यार्थ्याच्या सध्याच्या गाइडचे पत्र नाही, त्याचे कारण मला माहीत आहे आणि ते विद्यार्थ्याच्या कामाशी संबंधित नाही’ असे एखादे वाक्य असले, तरी समितीपुढचे पुष्कळसे धुके निवळते. असे वाक्य लिहिणारे प्राध्यापक थोडे आहेत. ते वाढायला हवेत, कारण विद्यार्थी ते स्वतःच्या तोंडाने म्हणू शकत नाही.

सगळ्यांनाच विद्यापीठ बदलावे लागते असेही नाही. पुष्कळांचा प्रश्न त्याच विभागात गाइड बदलल्याने सुटतो, आणि त्यात वेळही कमी जातो. कधी तर गाइडच जागा सोडतो. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) केंब्रिजला गेल्या तेव्हा आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम करत होत्या. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्यांनी रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू ठेवले, त्यातून वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनाविषयीचे त्यांचे संशोधन उभे राहिले, आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. गाइड गेला म्हणून खचलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना मला त्यांची आठवण होते. गाइडबरोबर नव्या विद्यापीठात जायचे, दुरून मार्गदर्शन घेत इथेच राहायचे, की इथेच दुसरा गाइड शोधायचा, या तीनही वाटा खुल्या असतात. त्यांतली कोणती निवडायची हे गाइडवरच्या निष्ठेने ठरवण्यापेक्षा आपला प्रबंध किती पुढे गेला आहे यावरून ठरवावे. शेवटच्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्याने शक्यतो जागा बदलू नये, असे मला वाटते.

मोकळेपणाने निघण्याचे जे उदाहरण माझ्या मनात सर्वांत खोल बसले आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि तिथली पीएच.डी. हाती येण्याआधीच १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तो अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन काम पूर्ण करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते लंडनला परतले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले, आणि कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ मध्ये मिळाली. या सगळ्या काळात सेलिग्मन यांच्याशी असलेले नाते तुटले नाही. त्यांनी लंडनमधल्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे आंबेडकरांची शिफारस केली, आणि १९२५ मध्ये कोलंबियासाठीचा प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा त्याला प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. पैशाची, जातीची, अंतराची एवढी संकटे असताना दोन विद्यापीठांतली दोन कामे जिवंत ठेवणे हे त्यांचे असामान्यत्व आहे आणि त्याची नक्कल कोणी करू शकत नाही. मात्र सेलिग्मन यांच्यासारखे वागणे आपल्यापैकी पुष्कळ प्राध्यापकांच्या आवाक्यात आहे. विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत गेला तरी तो आपला विद्यार्थी राहू शकतो, हे त्यांनी कृतीने दाखवले.

नव्या विभागातले पहिले वर्ष मला जड गेले. वर्गातले सोबती वयाने लहान होते आणि पात्रता परीक्षेचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून होता. माझ्या जुन्या विभागात जी गोष्ट दोन ओळींत सिद्ध झाली असती, तिच्याबद्दल इथे तासभर चर्चा चाले, आणि जी मी गृहीत धरत आले होते ती इथे कोणीही गृहीत धरू देत नसे. हळूहळू लक्षात आले की मी याचसाठी आले होते. सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार करताना मी आपोआप विचारू लागले, की या उत्तरावरून समीकरणातला कोणता आकडा निघेल. आणि असे विचारणारी त्या खोलीत मी एकटीच असे. जुन्या अभ्यासाची क्रेडिट नव्या गुणपत्रिकेवर थोडीच आली होती, पण तो अभ्यास रोज कामाला येत होता.

जुन्या विभागात पूर्ण केलेला निबंध मी नव्या ठिकाणी असताना प्रसिद्ध झाला. नावाखाली कोणत्या संस्थेचा पत्ता द्यायचा, असा प्रश्न तेव्हा आला. काम जिथे झाले त्या संस्थेचा पत्ता मुख्य ठेवायचा आणि सध्याचा पत्ता तळटीपेत द्यायचा, हा रूढ संकेत आहे आणि मी तो पाळला; नव्या गाइडनीही तसेच सुचवले होते. प्रबंधाचे एक प्रकरण त्या निबंधावर उभे आहे, आणि त्याच्या आरंभी जुन्या गाइडचे नाव सहलेखक म्हणून स्पष्ट लिहिलेले आहे. संशोधनात श्रेयावरून होणारी भांडणे अनेकदा अशाच बारीक जागांवर सुरू होतात, म्हणून निघण्यापूर्वीच कोणते काम कोणाच्या नावाने, कोणत्या क्रमाने प्रसिद्ध होईल आणि कोणती विदा बरोबर नेता येईल हे लेखी ठरवून घ्यावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. गाइडशी कितीही चांगले संबंध असले तरी लेखी ठरवावे.

आता समितीवर असताना असा अर्ज समोर आला, की मी निवेदनाच्या एका परिच्छेदाकडे अधिक लक्ष देते: विद्यार्थी मागच्या विभागाबद्दल काय लिहितो. तक्रारींनी भरलेला परिच्छेद वाचून काळजी वाटते, आणि मागचा विभाग जणू आयुष्यात नव्हताच अशा रीतीने लिहिलेला परिच्छेद वाचूनही तितकीच वाटते. तिथे काय शिकलो, कोणता प्रश्न तिथे राहून सुटण्यासारखा नव्हता, आणि तो सोडवायला इथलेच कोण आणि का हवे आहे, एवढे तीन-चार वाक्यांत सांगणारा विद्यार्थी बहुधा पुढेही काम नीट करतो. आमच्या विभागाच्या माहितीपुस्तिकेत प्रवेशाची पाने बरीच होती, पण मधेच दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्यासाठी एकही ओळ नव्हती. कोणाशी बोलायचे, मानधन कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, विमा कधी संपेल, मास्टर्सची पदवी कशी मागायची आणि गाइड पत्र द्यायला तयार नसेल तर काय करायचे, हे सांगणारे एक पान आम्ही यंदा त्यात घातले. ते घालण्याला समितीत विरोध झाला. अशाने विद्यार्थी जाण्याचा विचार करू लागतील, असे काहींचे म्हणणे होते. ज्यांना जायचे असते ते पान नसतानाही तो विचार करतच असतात, फक्त एकटे, आणि पुरेशा माहितीशिवाय.